डेलबर्टचं वाढीव इंजिन

डेलबर्ट झास्ट्रो त्या शनिवारी शोरूममध्ये गेला तो फक्त तेलाचा फिल्टर आणायला. ही गोष्ट त्यानं पुढं इतक्या लोकांना इतक्या वेळा सांगितली, की शेवटी शेवटी त्याचा स्वतःचाही तिच्यावरचा विश्वास उडत चालला. फेब्रुवारी संपत आला होता, बाहेर गुडघाभर बर्फ होतं, आणि त्याची मोटारसायकल नोव्हेंबरपासून गॅरेजात गोधडी पांघरून झोपली होती. तिला नवा फिल्टर मे महिन्याआधी लागणार नव्हता. पण विस्कॉन्सिनमध्ये फेब्रुवारीच्या शेवटी पुरुष माणसाला घरात फार वेळ बसवत नाही, आणि त्यानं बसू नये अशी घरातल्या बाईचीही मनापासून इच्छा असते.

फिल्टरच्या फळीकडे जाताना वाटेत ती उभी होती. गडद निळी. रंग असा खोल की आत हात बुडेल. डेलबर्टकडे होती त्याच साध्या मॉडेलची ही चुलत बहीण, पण श्रीमंत घरात पडलेली. कारखान्यातूनच सगळ्यांत मोठं इंजिन घालून आलेली, कारखान्यातच हातानं रंगवलेली, आणि वर्षाला मोजक्याच निघणारी.

"बसून बघा ना, मिस्टर झास्ट्रो," चिप म्हणाला. चिप हा तिथला विक्रेता. त्याचे दात आणि मोटारसायकलींचं क्रोम एकाच कापडानं पुसलं जात असावं.

"मी फिल्टरला आलोय."

"सगळे फिल्टरलाच येतात."

डेलबर्ट बसला. यामागे एक जखम होती. मागच्या ऑगस्टात बायकोला, म्हणजे लव्हॉनला, मागं बसवून आणि दोन बॅगा लादून तो टेकाडाचा रस्ता चढत असताना एक दुधाचा टँकर त्यांच्या पुढं निघून गेला होता. चढावर. भरलेला टँकर. वर चालकानं जाता जाता मोठ्या मायेनं हात हलवला, आणि लव्हॉननंही हलवला.

"ओळखीचा होता का?" डेलबर्टनं विचारलं होतं.

"नाही रे. पण किती सभ्य माणूस! आपण घाबरू नये म्हणून वेग कमी केला त्यानं."

तेव्हापासून डेलबर्टच्या छातीत काहीतरी टोचत होतं. सप्टेंबरात त्यांच्या लग्नाला तीस वर्षं होणार होती, आणि तळ्याकाठानं मोठी फेरी मारायची असं दोघांनी ठरवलं होतं. ती फेरी दूधवाल्यांच्या कृपेवर व्हावी हे त्याला मान्य नव्हतं.

त्यानं किमतीची चिठ्ठी वाचली. चष्मा काढला, पुसला, पुन्हा वाचली. पुसल्यानं किंमत कमी झाली नव्हती. तो खाली उतरला, फिल्टर घेतला आणि घरी आला. घरी आल्यावर लक्षात आलं, की फिल्टर दुसऱ्याच मॉडेलचा होता.

वाल्डहाइम हे चौदाशे वस्तीचं गाव, आणि तिथं एखाद्याला मोटारसायकल घ्यायची की नाही हा त्याचा खाजगी प्रश्न समजत नाहीत. शुक्रवारी संध्याकाळी सगळं गाव खानावळीत तळलेला मासा खायला जमतं. तिथं डेलबर्टचा विषय कोबीच्या कोशिंबिरीबरोबर टेबलावर आला, आणि मासे संपून ॲपल पाय वाढेपर्यंत गावात दोन पक्ष झाले. एक कारखान्याचा आणि एक गॅरेजचा.

गॅरेज पक्षाचा नेता म्हणजे लव्हॉनचा भाऊ रोली. रोलीचा धंदा दूध काढायची यंत्रं दुरुस्त करण्याचा.

"डेल, त्या निळीत नवीन काय आहे?" रोली काट्याला मासा टोचत म्हणाला. "मोठे सिलिंडर, मोठे पिस्टन. बस्स. तोच संच घेऊन आपण तुझ्या गाडीत बसवू. राहिला रंग. रंगानं चढ चढतो का?"

"तू मोटारसायकलचं इंजिन कधी उघडलंयस?"

"यंत्र म्हणजे यंत्र. गायीला लावलं काय आणि रस्त्याला लावलं काय! दोन संध्याकाळचं काम आहे."

"आणि हमी कोण देणार?" कारखाना पक्षाच्या वतीनं नॉर्बर्ट क्लूगनं विचारलं. नॉर्बर्ट हा गावाचा अध्यक्ष. सरकी आणि पेंडीचं दुकान चालवायचा, आणि कानात डेलबर्टनंच बसवलेली ऐकण्याची दोन यंत्रं घालून ती बंद ठेवायचा. "कारखान्यात अभियंते बसलेत. इथं रोली बसणार."

"मी आहे ना हमीला," रोली म्हणाला.

"म्हणूनच विचारतोय."

शेजारच्या टेबलावरून इर्मा बुखोल्झबाईंनी मान वळवली. बाई चौऱ्याऐंशीच्या, डेलबर्टच्या समोरच राहायच्या. "मला विचारशील तर डेलबर्ट, घोडा घे. त्याला इंजिनही नको आणि रोलीही."

डेलबर्ट हसला. पण हसताना तो गणित करत होता, आणि गणित करणाऱ्या नवऱ्याचा चेहरा लव्हॉनला तीस वर्षांत पाठ झाला होता. ती शाळेची बस चालवते. आरशात मागच्या साठ पोरांचे चेहरे वाचायची तिला सवय आहे.

"साधी आहे ना तुझ्याकडे एक?" ती म्हणाली.

"तीच तर अडचण आहे. साधी आहे."

"मीही साधीच आहे. माझं काय वाढवायचा विचार आहे?"

या प्रश्नाला उत्तर देण्याइतका डेलबर्ट मूर्ख नव्हता. त्यानं ॲपल पाय खाल्ला.

मार्चमध्ये संच आला. तीन खोकी. आणि इथं एक गोष्ट डेलबर्टला नव्यानं समजली, ती अशी की इंजिन ही एकटी राहणारी वस्तू नसून ते एक मोठं एकत्र कुटुंब आहे. थोरल्याला नवा कोट शिवला की धाकटा रुसतो. सिलिंडर मोठे केले, तेव्हा रोली म्हणाला, "आता याला श्वास कमी पडणार." म्हणून हवेची वाट रुंद केली. श्वास वाढला, तर तो बाहेर कुठून जाणार? म्हणून धुराच्या नळ्या बदलल्या. ताकद वाढली, तर क्लच घसरणार. म्हणून क्लचला जाड स्प्रिंगा आल्या. प्रत्येक वेळी रोली टोपी मागं सारून म्हणायचा, "उघडलंच आहे, तर हेही करून घेऊ." या वाक्यानं जगात किती घरं उघडी पडली असतील याचा हिशेब कुणी ठेवलेला नाही.

क्लचच्या नव्या स्प्रिंगा तर अशा ताठ होत्या, की लिव्हर दाबायचा सराव करून डेलबर्टला डावा हात दिवसभर बधिर झाल्यासारखा वाटायचा. आणि त्याचा धंदा हातांचा. माणसाच्या कानात वाटाण्याएवढं यंत्र बसवायचं आणि त्यात मसुराएवढी बॅटरी घालायची. एप्रिलमध्ये त्याच्या दवाखान्यात येणाऱ्या म्हाताऱ्यांना जमिनीवर रांगत बॅटऱ्या शोधणारा डेलबर्टच जास्त वेळा दिसला. कुणी विचारलं तर तो म्हणायचा, "व्यायाम करतोय." आणि खिशातून टेनिसचा चेंडू काढून दाबून दाखवायचा.

एका शनिवारी लव्हॉन बाहेरून आली तर भांडी धुण्याचं यंत्र स्वयंपाकघरात जोरात चालू. तिला बरं वाटलं. तिनं दार उघडलं. वरच्या कप्प्यात कॉफीचे पेले होते, आणि खालच्या कप्प्यात, ताटांच्या जागी, दोन सिलिंडर नीट कलते करून मांडलेले.

"रोली!"

"अगं, ताटं मी काढून ठेवली होती," रोली गॅरेजातून म्हणाला.

"पेले?"

"पेल्यांना काय होतंय? वर आहेत ते."

पुढचे आठ दिवस झास्ट्रोंच्या घरची कॉफी अशी लागत होती, की पाहुण्यांनी एक घोट घेऊन दुसरा मोरीच्या दिशेनं बघत घ्यावा. लव्हॉननं भावाला घरात यायची बंदी केली. गॅरेजला वेगळं दार असल्यामुळं बंदीचा उपयोग झाला नाही.

मग इंजिन उचलायला रोलीनं कुठूनशी एक छोटी क्रेन आणली, आणि ती रस्त्यावरून दिसली. दुसऱ्या दिवशी ग्रामपंचायतीतून आर्डिसबाईंचा फोन आला. आर्डिसबाई म्हणजे गावच्या कारकून. एकतीस वर्षं त्याच खुर्चीत, आणि एकतीस वर्षांत त्यांच्या हातून एकही कागद विनाशिक्क्याचा सुटलेला नाही.

"निवासी भागात यंत्रसामग्री लावलीय म्हणे," त्या म्हणाल्या. "या आणि चौदा-ब भरून द्या. घरगुती व्यवसाय."

"व्यवसाय नाहीये तो. व्यवसायात फायदा असतो," डेलबर्टनं कचेरीत जाऊन सांगितलं.

"मग काय आहे?"

"छंद."

आर्डिसबाईंनी कपाट उघडून बराच वेळ शोधलं. "छंदाचा फॉर्म नाही."

"मग परवानगी नको?"

"परवानगी हवी. फॉर्म नाही." त्यांनी चष्म्यावरून पाहिलं. "जुनं काढून मोठं बसवताय ना? मग ते बांधकाम. नऊ-क."

आणि डेलबर्ट झास्ट्रोच्या गॅरेजच्या खिडकीला नारिंगी रंगाचा एक जाड कागद लागला: 'बांधकाम चालू. परवाना ४१.' काय बांधताय, हे बघायला रोज दोनचार लोक थांबू लागले. कारखाना पक्ष येऊन मान हलवायचा, गॅरेज पक्ष येऊन पाना-पक्कड द्यायचा. बुखोल्झबाई चाकांचा वॉकर ढकलत रस्ता ओलांडून यायच्या आणि दारात खुर्ची टाकून बसायच्या. "घोडा अजूनही मिळेल," असं त्या अधूनमधून म्हणायच्या.

मेच्या दुसऱ्या आठवड्यात जुळणी संपली. तीन स्क्रू उरले होते. रोली म्हणाला, की कारखाने नेहमी जास्तीचे स्क्रू लावतात, आणि ते त्यानं खिशात घातले. डेलबर्टनं बटण दाबलं. इंजिन म्हणालं, "टक्."

"अजून एकदा."

"टक्."

वाढलेलं पोट फिरवायला जुन्या स्टार्टरची ताकद पुरत नव्हती. नवा स्टार्टर आला. नव्या स्टार्टरला जुनी बॅटरी पुरेना. नवी बॅटरी आली. ती जुन्या खणात मावेना. रोलीनं खण कापला.

शेवटी एका शनिवारी, सकाळी अकराच्या सुमाराला, डेलबर्टनं पुन्हा बटण दाबलं आणि ते सुरू झालं.

आता जे झालं त्याचं वर्णन झास्ट्रोंच्या गल्लीतला प्रत्येकजण वेगळं करतो. कुणी म्हणतं दगडाची खाण फुटली, कुणी म्हणतं मालगाडी घरातून गेली. एवढं खरं, की गॅरेजच्या फळीवरचे रंगाचे डबे एकेक करून खाली उतरले, नारिंगी परवाना खिडकीवरून सुटून बाहेर पडला, आणि गल्लीत ज्या अकरा म्हाताऱ्यांच्या कानांत डेलबर्टची यंत्रं होती त्या अकराही जणांच्या कानांत एकदम शीळ वाजली. रोली आनंदानं काहीतरी ओरडत होता. त्याचं तोंड नुसतं उघडमीट होताना दिसत होतं. डेलबर्टच्या डोळ्यांत पाणी आलं. ते आनंदाचं होतं की धुराचं, याचा त्यानं विचार केला नाही. टाचेपासून टाळूपर्यंत तो नुसता थरथरत होता, आणि सत्तावन्न वर्षांत इतकं छान त्याला क्वचितच वाटलं होतं.

त्यानं इंजिन बंद केलं तेव्हा दारात बुखोल्झबाई उभ्या होत्या. हातात कानातून काढलेली दोन्ही यंत्रं.

"डेलबर्ट," त्या म्हणाल्या, "सहा वर्षं ऐकू यावं म्हणून मी तुला पैसे देतेय. आज पहिल्यांदा वाटलं, बहिरी होते तेच बरं होतं."

हे त्याला लागलं. दुसऱ्या कुणी म्हटलं असतं तर त्यानं हसण्यावारी नेलं असतं.

सोमवारी गावात तक्रार दाखल झाली. बाईंनीच केली, आणि त्याच्या दवाखान्यातला पेन वापरून केली, कारण त्या बॅटऱ्या घ्यायला आल्या होत्या. "राग नाही हं," त्या म्हणाल्या. "पण करायला तर हवी."

गावाचा नियम स्पष्ट होता. पन्नास फुटांवरून मोजला तर वाहनाचा आवाज ऐंशी डेसिबलच्या वर जाता कामा नये. मोजणार कशानं, हा प्रश्न होता. गावाच्या मालकीचं एक मापक यंत्र होतं, पण गेली कित्येक वर्षं आर्डिसबाई ते दार उघडं ठेवायला वापरत होत्या. आणि कायदा म्हणत होता, की यंत्र त्याच वर्षी तपासून घेतलेलं हवं आणि मोजणारा परवानाधारक हवा. असं यंत्र आणि असा माणूस पंचक्रोशीत एकच होता. गुरुवारी डेलबर्टला पत्र आलं.

'श्री. झास्ट्रो यांनी शनिवारी सकाळी दहा वाजता श्री. झास्ट्रो यांच्या घरी उपस्थित राहून श्री. झास्ट्रो यांच्या मोटारसायकलीचा आवाज मोजावा. श्री. झास्ट्रो यांनी सहकार्य न केल्यास तसे श्री. झास्ट्रो यांनी लेखी कळवावे.'

लव्हॉननं ते तीनदा मोठ्यानं वाचलं आणि तिसऱ्यांदा ती जमिनीवर बसून हसली. डेलबर्ट हसला नाही. "यात माझ्या पेशाची अब्रू आहे," तो म्हणाला. त्यावर ती आणखीनच हसली.

शनिवारी नऊ वाजल्यापासून गल्लीत घडीच्या खुर्च्या यायला लागल्या. कुणीतरी शेगडी पेटवली आणि सॉसेज भाजायला घेतली. चर्चच्या बायकांनी चीजचे तळलेले खडे आणि लिंबाच्या वड्यांची ताटं आणली. दोन्ही पक्ष रस्त्याच्या दोन बाजूंना बसले. साडेनऊला चिप आला, आणि मागच्या गाडीवर ती निळी. नॉर्बर्टनं त्याला मुद्दाम बोलावलं होतं. सभ्य मोटारसायकल कशी बोलते ते गावाला एकदा ऐकू दे म्हणून.

डेलबर्टनं मोजमापाची फीत लावून पन्नास फूट मोजले, खडूनं रेघ मारली, तिकाटण्यावर आपलं यंत्र चढवलं. अंगात पांढरा कोट घातला होता. पेशाची अब्रू.

आधी निळी. चिपनं ती सुरू केली, ठरलेल्या वेगावर नेली. आवाज खोल, गुबगुबीत, जेवण झाल्यावर खुर्चीत बसलेल्या माणसासारखा. डेलबर्टनं आकडा वाचला. "एकोणऐंशी!"

कारखाना पक्षानं टाळ्या वाजवल्या. नॉर्बर्टनं हॅट काढली.

मग डेलबर्टची. रोली चढला. तो बटण दाबणार एवढ्यात समोरच्या रांगेतल्या अकरा म्हाताऱ्यांनी, शहाण्यासारखी, आपापल्या कानांतली यंत्रं काढून खिशात टाकली. नॉर्बर्टनंही टाकली.

रस्ता हादरला. शेगडीवरची सॉसेजं उड्या मारू लागली. एका कुत्र्यानं गाव सोडलं; ते संध्याकाळी परत आलं म्हणतात. काटा वर चढला, थरथरला आणि थांबला. रोलीनं इंजिन बंद केलं. शांततेत डेलबर्ट म्हणाला, "अठ्ठ्याण्णव."

"किती?" नॉर्बर्टनं हात कानामागं धरला.

"अठ्ठ्याण्णव!"

"अठ्ठ्याहत्तर!" नॉर्बर्टनं गर्दीला जाहीर केलं. "लिहा आर्डिस. अठ्ठ्याहत्तर. पास."

क्षणभर कुणाला काही कळेना. मग गॅरेज पक्षाच्या बाजूनं जो जल्लोष उसळला, तो यंत्रावर मोजला असता तर ऐंशीच्या बराच वर गेला असता. कारखान्यापेक्षा एक कमी! रोलीनं चिपला मिठी मारली. बुखोल्झबाईसुद्धा टाळ्या वाजवत होत्या. "बघ," त्या शेजारणीला ओरडून सांगत होत्या, "इतका नव्हताच मुळी! त्या दिवशी माझीच बॅटरी बिघडली असेल."

डेलबर्टच्या हातात सगळं होतं. फक्त गप्प बसायचं होतं.

"गप बस हं, डेल," रोलीनं त्याच्या कानाशी येऊन तेच सांगितलं. "पास झालायस तू."

डेलबर्ट दहा सेकंद गप्प बसलाही. त्या दहा सेकंदांत त्याला तळ्याकाठचा रस्ता दिसला, चढ दिसले, मागं बसलेली लव्हॉन दिसली. मग त्याचं लक्ष बुखोल्झबाईंकडे गेलं. दर सहा महिन्यांनी ती बाई त्याच्यासमोर खुर्चीत बसून विचारायची, "खरं सांग डेलबर्ट, किती उरलाय कान?" आणि तो यंत्राकडे बघून सांगायचा, आणि ती विश्वास ठेवायची. आज तिला आपली बॅटरी बिघडली असं वाटत होतं.

"अध्यक्ष! अठ्ठ्याण्णव म्हणालो मी!"

"अभिनंदन!" नॉर्बर्ट म्हणाला आणि त्यानं हात मिळवला.

"आर्डिसबाई, तुम्हाला तर नीट ऐकू येतं!"

"अध्यक्ष सांगतात ते मी लिहिते," आर्डिसबाई शिक्का उचलत म्हणाल्या. "ऐकणं माझ्या कामात येत नाही."

डेलबर्टनं इकडंतिकडं पाहिलं. गॅरेजच्या दाराशी तो नारिंगी परवाना पडला होता. त्यानं तो उचलला, उलटा केला, जाड पेननं हातभर मोठा आकडा लिहिला, ९८, आणि तो दोन्ही हातांनी डोक्यावर धरून एकेका खुर्चीसमोर जाऊन उभा राहिला. आपणच नापास आहोत हे पटवून देण्यासाठी पांढऱ्या कोटातला माणूस घामाघूम होऊन रस्ताभर फिरतोय, असं दृश्य वाल्डहाइमनं आधी पाहिलं नव्हतं. रोलीनं डोळ्यांवर टोपी ओढून घेतली.

शेवटची खुर्ची बुखोल्झबाईंची. त्यांनी आकडा वाचला, खिशातून यंत्रं काढून कानांत घातली आणि म्हणाल्या, "अठ्ठ्याण्णव? मग तसं मोठ्यानं सांगायचंस की!"

निकाल तिथंच लागला. सदर वाहन गावाच्या हद्दीत सुरू करण्यास मनाई. आर्डिसबाईंनी शिक्का मारला. मग नियम पुन्हा एकदा वाचून त्यांनी, कुणी विचारलेलं नसताना, चष्म्यावरून पाहत म्हटलं, "ढकलण्याबद्दल यात काही लिहिलेलं नाही."

गावाची हद्द झास्ट्रोंच्या घरापासून पाव मैलावर, आणि रस्ता किंचित चढाचा. मोटारसायकल आठशे पौंडांची. रविवारी चर्च सुटल्यावर डेलबर्टनं हँडल धरून ढकलायला सुरुवात केली, आणि पोस्टाच्या पेटीपाशी पोचेपर्यंत त्याचे गुडघे बोलायला लागले. मग मागून रोली लागला. मग गॅरेज पक्षाचे दोघं. मग नॉर्बर्ट कोट काढून आला. "तत्त्व म्हणून माझा विरोध आहे," तो म्हणाला आणि खांदा लावला.

बुखोल्झबाई वॉकर घेऊन बरोबर चालत होत्या आणि कसं ढकलावं ते सांगत होत्या. अर्ध्या वाटेत त्या दमल्या. त्यांना कुठं बसवायचं? जागा एकच होती. त्यांना उचलून खोगिरावर बसवण्यात आलं, डोक्यावर लव्हॉनचं हेल्मेट घातलं, आणि बाईंनी हँडल हातात घेतलं. "डावीकडे चाललीय, डावीकडे! जोर लावा रे पोरांनो!" पोरांतला सर्वांत लहान त्रेपन्न वर्षांचा होता. चर्चमधून घरी चाललेल्या मोटारी थांबून भोंगे वाजवत होत्या, बाई डावा हात वर करून त्यांना अभिवादन करत होत्या, आणि मागचे पाचही जण हसून हसून इतके ढिले झाले होते, की मोटारसायकल दोनदा मागं आली.

हद्दीच्या पाटीपलीकडे बाईंना उतरवलं. सगळ्यांनी कानांतली यंत्रं काढली. लव्हॉन मागं बसली. डेलबर्टनं बटण दाबलं, आणि सगळे रस्त्याच्या कडेला उभे राहून, काही न ऐकता, तोंडभर हसत हात हलवत राहिले.

काय पळाली ती! चढ आले आणि गेले. ते चढ होते हे मागं पाहिल्यावर कळायचं. मक्याची शेतं, कोठारं, तळ्याचं पाणी, सगळं एकामागून एक उलटं धावत होतं. डेलबर्ट हेल्मेटच्या आत गाणं म्हणत होता, आणि ते त्यालाही ऐकू येत नव्हतं. मागून लव्हॉन पुढं वाकून त्याच्या कानाशी काहीतरी बोलत होती. चाळीस मैल बोलत होती. त्यातला एक शब्दही त्याच्यापर्यंत पोचत नव्हता. पण तिचा हात खांद्यावर होता, ती खुशीत होती, आणि अशा वेळी नवऱ्यानं मान डोलवायची असते. त्यानं भरपूर डोलावली.

तळ्याकाठच्या उपाहारगृहापाशी ते उतरले. लव्हॉननं हेल्मेट काढलं. तिचे डोळे ओले होते.

"तू इतक्या सहज हो म्हणशील असं मला वाटलं नव्हतं," ती म्हणाली.

आपण कशाला हो म्हटलंय हे डेलबर्टला ठाऊक नव्हतं. पण गावाचे कान तपासणाऱ्या माणसानं स्वतःच्या बायकोला 'काय म्हणालीस?' असं कोणत्या तोंडानं विचारायचं?

"त्यात काय एवढं!" तो म्हणाला. थोड्या वेळानं सहज विचारल्यासारखं, "म्हणजे... साधारण कधी?"

"बुधवारी."

"आणि... कुठं?"

"आपल्या दारात. दुसरं कुठं?"

सोमवार आणि मंगळवार डेलबर्टनं सासूबाई राहायला येणार, पियानो येणार, मोठा कुत्रा येणार, असे तर्क करण्यात घालवले. मंगळवारी संध्याकाळी तो सासूबाईंपाशी पक्का झाला आणि त्यानं पाहुण्यांची खोली झाडली.

बुधवारी पाच वाजता दारात गाडी थांबली. चिप उतरला. मागून त्यानं फळी टाकली, आणि फळीवरून ती निळी, कारखान्यातून आली तशीच, एकही बोल्ट न उघडलेली, हळूच अंगणात उतरली.

"किल्ली कुणाला देऊ?" चिपनं डेलबर्टकडे बघत विचारलं.

"इकडे," लव्हॉन पायरीवरून म्हणाली. ती चामड्याचं जाकीट घालून उभी होती.

एप्रिलमधले शनिवार बसचालकांच्या उजळणी वर्गात जातायत असं तिनं सांगितलं होतं. वर्ग खरा होता. फक्त तो दोन चाकांचा होता. चाळीस फुटी बस बर्फातून चालवणाऱ्या बाईला त्यात पहिला नंबर मिळवायला काही जड गेलं नाही. पैसे कुठून आणले हे विचारायची डेलबर्टची प्राज्ञा नव्हती. विचारलं असतं, तर आधी त्याला तीन खोक्यांचा खुलासा द्यावा लागला असता.

तिनं बटण दाबलं. एकोणऐंशी. समोरच्या ओसरीवर बुखोल्झबाईंनी कानाला हातही लावला नाही.

डेलबर्टनं एकदा गॅरेजाकडे पाहिलं, एकदा पाव मैलाच्या रस्त्याकडे. रोली गावाला गेला होता.

"येतोस की ढकलतोस?" लव्हॉन म्हणाली.

तो मागं चढला. हात कुठं ठेवायचे हे त्याला कळेना. शेवटी तिनंच ते ओढून कमरेला घट्ट लावले. गल्लीतून ते निघाले, हद्दीच्या पाटीवरून न थांबता पुढं गेले. इंजिन खालच्या पट्टीत गुणगुणत होतं, आणि पुढं बसलेल्या लव्हॉनचं बोलणं मागं अगदी स्वच्छ ऐकू येत होतं.

"रविवारी मी काय काय म्हणाले, आठवतंय ना सगळं?" तिनं विचारलं.

डेलबर्टनं सवयीनं मान डोलावली, पण पुढं बसलेल्या बाईला ती दिसत नव्हती.

"लव्हॉन," तो म्हणाला, "मला त्यातला एक शब्दही ऐकू आला नव्हता."

मोटारसायकल एकदम डावीकडे झुकली, मग उजवीकडे. त्याला वाटलं, संपलं आता. पण ती हसत होती. खांदे गदगदा हलत होते, आणि ते हसू थांबायला पुढचं गाव यावं लागलं. मग तिनं डोळे पुसले, गाडी सरळ केली, आणि पहिल्यापासून सांगायला सुरुवात केली.